ज्ञानकोश आणि विद्यार्थ्याचें ऋण

विद्यार्थी लिहितो तें कोणासाठीं, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाहीं. शाळेंतील निबंध गुरुजींसाठीं, परीक्षेंतील उत्तर परीक्षकासाठीं आणि महाविद्यालयांतील प्रकल्प गुणांसाठीं, ही वांटणी इतकी रूढ झाली आहे कीं, विद्यार्थ्याच्या लेखनाला खराखुरा वाचक असावा ही कल्पनाच आपणांस चमत्कारिक वाटते. वहीवर तांबड्या शाईची खूण झाली कीं त्या लेखनाचें आयुष्य संपलें. पुढें ती वही रद्दीच्या वाटेला लागते. ज्याच्या दोषानें कोणाचें नुकसान होत नाहीं आणि ज्याच्या गुणानें कोणाचें भलें होत नाहीं, असें लेखन वर्षानुवर्षें करून मूल लेखनाविषयीं काय शिकतें? हेंच कीं, लेखन ही एक उपचाराची गोष्ट आहे. तिला परिणाम नाहीं आणि म्हणून जबाबदारीहि नाहीं.

गेल्या कांहीं वर्षांत शिक्षकांपुढें याहून निराळा असा एक मार्ग आला आहे. २००१ सालच्या १५ जानेवारीस जिमी वेल्स व लॅरी सँगर या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं विकिपीडिया या नांवाचा, इंटरनेटवर कोणासहि वाचतां यावा आणि कोणासहि लिहितां यावा असा ज्ञानकोश सुरू केला. त्याची मराठी आवृत्ति २००३ सालीं निघाली. इंग्रजी आवृत्तीनें २०२० च्या जानेवारींत ६० लक्ष लेखांचा टप्पा ओलांडला. या कोशाला पगारी लेखक नाहींत. जे येतील ते लिहितात आणि जे येतील ते त्यांचें लिहिणें तपासतात. विद्यार्थ्यांनीं या कोशांत भर घालावयास शिकावें, निबंधाची वही बाजूस ठेवून तेथील एखादा लेख सुधारावा, असें अनेक देशांतील शिक्षक आज आपल्या विद्यार्थ्यांकडून करवून घेत आहेत. कल्पना मोठी मोहक आहे. परंतु तिच्या पोटांत नीतीचा एक अवघड प्रश्न दडलेला आहे. जो अजून स्वतःच शिकत आहे, त्याला सर्वांच्या पाणवठ्यावर काम करूं द्यावें काय? आणि करूं द्यावयाचें तर तें कोणत्या भावनेनें?

पहिला आक्षेप अधिकाराचा आहे. कोश हा तज्ज्ञांनीं लिहावा, अर्धवट शिकलेल्या पोरांनीं नव्हे, असें म्हणणारा सुज्ञ मनुष्य केवळ जुन्या वळणाचा म्हणून हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. ज्याला दहा पुस्तकें वाचून मत बनवितां येत नाहीं, त्यानें मत देऊं नये हें बरोबरच आहे. परंतु कोशाच्या कामांत मत देणें हा एक भाग आहे आणि सामग्री जमविणें हा दुसरा. इंग्रजी भाषेचा ऑक्सफर्ड कोश तयार होत असतां त्याचे संपादक जेम्स मरे यांनीं १८७९ सालीं सामान्य वाचकांस आवाहन केलें. मरे हे स्वतः शाळामास्तर होते. त्यांनीं वाचकांकडे शब्दांच्या व्याख्या मागितल्या नाहींत. पुस्तक वाचतांना लक्षांत राहण्याजोगा शब्द आढळला कीं तें वाक्य चिठ्ठीवर उतरावें, खालीं ग्रंथ, लेखक व पृष्ठ यांची नोंद करावी आणि चिठ्ठी धाडून द्यावी, एवढेंच त्यांचें मागणें होतें. अशा लाखों चिठ्ठ्यांवर तो कोश उभा राहिला आणि १९२८ सालीं पुरा झाला. चिठ्ठी लिहिणाराला विद्वत्ता लागत नव्हती, प्रामाणिकपणा मात्र लागत होता.

आपल्याकडील उदाहरण तर याहूनहि बोधप्रद आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड १९२० ते १९२९ या काळांत सिद्ध केले, ते कांहीं आधींच नामांकित झालेल्या पंडितांच्या बळावर नव्हे. त्या कार्यालयांत तरुण माणसें आलीं, राबलीं आणि राबतां राबतां शिकलीं. त्यांपैकींच यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनीं पुढें महाराष्ट्र शब्दकोशाचे ७ खंड तयार केले. माणसांच्या हातून कोश तयार होतो हें सर्वांस दिसतें. कोशाच्या हातून माणसें तयार होतात हें लक्षांत येण्यास थोडा वेळ लागतो. तेव्हां विद्यार्थी अपुरा आहे एवढ्यावरून त्याला दारांतून परत पाठविणें न्यायाचें होणार नाहीं. प्रश्न इतकाच उरतो कीं, त्याच्या अपुरेपणाचा भार कोणावर पडणार?

हा भार लहान नसतो. तीन उदाहरणें येथें देतों. २००५ सालच्या मे महिन्यांत जॉन सिगेन्थालर या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रलेखांत कोणा अज्ञात इसमानें केवळ थट्टेखातर असा मजकूर घातला कीं, केनेडी बंधूंच्या हत्येंत या गृहस्थाचा हात असल्याचा एके काळीं संशय होता. ही शुद्ध बनावट गोष्ट चार महिन्यांहून अधिक काळ तशीच राहिली. ज्याच्याविषयीं ती लिहिली होती तो त्या वेळीं वृद्धापकाळांत होता आणि तारुण्यांत त्यानें त्याच केनेडींपैकीं एकाच्या हाताखालीं काम केलें होतें. लिहिणाराची घटकाभराची गंमत झाली. परंतु वाचणाऱ्या हजारोंपुढें एका माणसाची अब्रू उघड्यावर पडली.

दुसरें उदाहरण आपल्या घरचें आहे. २०११ सालीं पुण्यांतील कांहीं महाविद्यालयांत, विकिपीडिया चालविणाऱ्या संस्थेच्याच पुढाकारानें, विद्यार्थ्यांकडून लेख लिहवून घेण्याचा एक प्रयोग झाला. शेंकडों विद्यार्थी त्यांत सामील झाले. त्यांतील पुष्कळांनीं पुस्तकांतील व इतर संकेतस्थळांवरील परिच्छेदच्या परिच्छेद जसेच्या तसे उतरवून इंग्रजी विकिपीडियावर चढविले. तो परका मजकूर हुडकून काढतां काढतां जगभरच्या स्वयंसेवकांची दमछाक झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस प्रयोग आटोपता घ्यावा लागला. या विद्यार्थ्यांस चोर म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु पहिल्या इयत्तेपासून ज्यांना ‘पुस्तकांत आहे तसेंच लिही’ असें बजावलें, एक शब्द इकडचा तिकडे झाल्यास ज्यांचे गुण कापले, त्यांनीं एके दिवशीं अचानक स्वतःच्या शब्दांत लिहावें ही अपेक्षा आम्हीं कोणत्या तोंडानें करावी? नक्कल म्हणजेच अभ्यास, हें त्यांस शिकविलें कोणीं?

तिसरें उदाहरण करुण आहे. स्कॉटलंडमध्यें स्कॉट्स नांवाची, इंग्रजीच्या जवळची परंतु स्वतंत्र अशी एक भाषा आहे. तिच्या विकिपीडियावरील लेखांचा फार मोठा हिस्सा ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलानें लिहिलेला आहे, हें २०२० सालच्या ऑगस्टमध्यें उघडकीस आलें. वयाच्या बाराव्या वर्षीं त्यानें काम सुरू केलें होतें आणि वीस हजारांहून अधिक लेख त्यानें तयार केले होते. त्याचा हेतु वाईट नव्हता. आपण एका लहान भाषेची सेवा करीत आहों, असेंच त्यास वाटत होतें. इंग्रजी वाक्य घ्यावें, कोशांत पाहून शब्द बदलावे, वर्णलेखन थोडें वांकडें करावें, असा त्याचा क्रम होता. स्कॉट्स बोलणाऱ्या लोकांना मात्र आपल्या भाषेचें तें विडंबन पाहून खेद झाला. इतकीं वर्षें त्या मुलाजवळ बसून ‘बाळ, हें असें नव्हे’ म्हणणारा एकहि वडीलधारा मनुष्य त्याला भेटला नाहीं, हें या हकीगतींतील खरें दुःख आहे.

थट्टा, नक्कल आणि अनिर्बंध उत्साह, असे हे तीन दोष आहेत. ते विद्यार्थ्यांत असणारच. म्हणून विद्यार्थ्यांस दूर ठेवावें, हा एक निष्कर्ष. त्यांस नीट शिकवावें, हा दुसरा. आम्ही दुसऱ्याच्या बाजूचे आहों. परंतु ‘नीट शिकवावें’ म्हणजे कळा कोठें दाबाव्या हें सांगावें असें नव्हे. तें काम मुलें शिक्षकांहून लवकर शिकतात. शिकवावयाचें आहे तें हें कीं, आपण येथें काय करीत आहों.

सामान्यतः या कामाला ज्ञानदान म्हणण्याची चाल आहे. आम्हांस हा शब्द येथें घातक वाटतो. दान देणारा वर असतो, घेणारा खालीं. दानाच्या वस्तूची पारख करणें हा तर अप्रशस्तपणाच ठरतो. धर्माच्या गायीचे दांत मोजूं नयेत, असेंच आपण म्हणतों. ‘आम्ही फुकट लिहितों, तर तुम्ही चुका काय काढतां?’ ही वृत्ति दानाच्या कल्पनेंतूनच उपजते. त्या स्कॉट्स लेखांचा कर्ता मुलगा आपल्या समजुतीप्रमाणें दानच करीत होता.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनीं याहून खोल विचार केलेला आहे. मनुष्य जन्मास येतो तो देवांचें, पितरांचें आणि ऋषींचें अशीं तीन ऋणें डोक्यावर घेऊनच येतो, असें त्यांनीं मानिलें. आणि ऋषिऋण अध्ययनानें फेडावयाचें असें सांगितलें. ज्या समाजानें अध्ययनाचा दरवाजा बहुसंख्य लोकांना आणि सर्व स्त्रियांना बंद ठेविला, त्याच्या तोंडीं ही भाषा अपुरी होती, यांत शंका नाहीं. परंतु दरवाजा अन्यायानें बंद होता, म्हणून आंतील विचार खोटा ठरत नाहीं. उलट आज जो कोश कोणाचीहि जात, लिंग वा पदवी न विचारतां वाचावयास मिळतो, त्याच्या बाबतींत हा विचार पूर्वीपेक्षांहि अधिक लागू पडतो. परीक्षेच्या आदल्या रात्रीं ज्या विद्यार्थ्यानें विकिपीडियावरील लेख वाचून आपली अडचण भागविली, त्यानें कोणा अनोळखी माणसाच्या श्रमाचें कर्ज घेतलेलें आहे. त्या माणसाचें नांव त्याला ठाऊक नाहीं आणि त्याचे आभार मानण्याचा उपायहि नाहीं. मग फेड करावयाची ती कोणाची? पुढें येणाऱ्या अनोळखी वाचकाची. ज्ञानाच्या व्यवहारांत कर्ज मागच्यांकडून घ्यावें आणि पुढच्यांस फेडावें, अशीच रीत आहे.

दानाऐवजीं ऋण म्हटलें कीं सगळें चित्र पालटतें. सावकार नाणें वाजवून घेतो आणि त्याचा कोणी अपमान मानीत नाहीं. तेव्हां आपलें वाक्य कोणी तपासलें, कोणी काढलें, कोणी त्यापुढें ‘संदर्भ हवा’ अशी खूण केली, तर रागावण्याचें कारण उरत नाहीं. ऋण खोट्या नाण्यानें फिटत नाहीं, म्हणून थट्टा येथें चालत नाहीं. तें दुसऱ्याच्या खिशांतून काढलेल्या नाण्यानेंहि फिटत नाहीं, म्हणून नक्कल चालत नाहीं. आणि जें नाणें आपणांस स्वतःलाच ओळखतां येत नाहीं, तें मूठमूठ उधळून तर मुळींच फिटत नाहीं. आजकाल यंत्राला विषय सांगितला कीं तें क्षणांत गुळगुळीत परिच्छेद लिहून देतें. प्रसंगीं अस्तित्वांतच नसलेल्या ग्रंथांचे हवालेहि देतें. असा परिच्छेद न वाचतां, न पडताळतां कोशांत चढविणारा विद्यार्थी याच तिसऱ्या प्रकारांत मोडतो. त्यानें खोटें सांगितलें असें म्हणवत नाहीं; परंतु खरें काय हें जाणून घेण्याचें त्याचें काम त्यानें केलेलें नसतें.

मग शिकवावें कसें? मराठी विकिपीडियावर नवशिक्याच्या सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’ असें नांव आहे. पंतोजींच्या शाळेंत पाटीवर धूळ पसरून मूल बोटानें अक्षर गिरवीत असे आणि चुकल्यास हातानें सारखें करून पुन्हां गिरवीत असे. चुकण्याची मुभा आणि चुकीची झळ दुसऱ्यास न लागण्याची व्यवस्था, हे दोन्ही गुण त्या नांवांत आहेत. विद्यार्थ्याचा पहिला काळ या पाटीवरच जावा. किंबहुना त्याच्याहि आधीं कांहीं दिवस त्यानें नुसतें वाचावें. प्रत्येक लेखाला ‘इतिहास’ म्हणून एक पान असतें. कोणत्या दिवशीं, कोणत्या सदस्यानें काय घातलें व काय काढलें हें त्यांत दिसतें. छापील पुस्तकांत विद्वानांची खाडाखोड आपणांस कधींच पाहावयास मिळत नाहीं. येथें ती पाहतां येते आणि निश्चित दिसणारें वाक्य किती जणांच्या संशयांतून पार पडून आलें आहे, हें मुलाला कळतें. एवढें कळलें तरी अर्धें शिक्षण झालें.

यानंतर त्यास नवा लेख लिहावयास न सांगतां मरे यांच्या चिठ्ठीसारखें लहान काम द्यावें. जेथें ‘संदर्भ हवा’ अशी खूण आहे, तेथें ग्रंथालयांत जाऊन तो संदर्भ शोधावा आणि न मिळाल्यास तसें चर्चापानावर सांगावें. हें काम दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहिणाऱ्या मल्लिनाथानें आरंभींच जी प्रतिज्ञा केली, कीं निराधार असें कांहीं लिहिणार नाहीं आणि अनावश्यक असें कांहीं बोलणार नाहीं, तिचा पहिला धडा हाच आहे.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं जेथें राहून मराठी विश्वकोशाचें संपादन केलें, त्या वाईजवळच मेणवली हें गांव आहे. तेथें नाना फडणविसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट आहे. घाटावर एक मोठी पोर्तुगीज घंटा आहे. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई जिंकल्यावर ती तिकडून आली, अशी तिची ख्याति आहे. समजा, त्या भागांतील एखाद्या विद्यार्थिनीनें या घंटेवर चार वाक्यें लिहावयाचें मनांत आणलें. घंटेवर मेरी व बाळ येशू यांची आकृति आहे, हें तिनें डोळ्यांनीं पाहिलें आहे. वसईच्या मोहिमेची हकीगत इतिहासग्रंथांत आहे. घंटा येथें कशी आली याविषयीं आजीकडून ऐकलेली एक गोष्ट तिला ठाऊक आहे. या तीन गोष्टी एकाच प्रकारच्या ज्ञानाच्या नव्हेत, हें आजवर तिला कोणीं सांगितलें होतें? तिच्या निबंधांत तिन्ही एकाच दमांत आल्या असत्या आणि गुरुजींनीं ‘छान’ असा शेरा दिला असता. कोश मात्र तिला प्रत्येक वाक्याशीं थांबवून विचारतो, हें तुला कशावरून कळलें? पाहिलेलें, वाचलेलें आणि ऐकलेलें यांच्या सीमा ज्याला आंखतां येऊं लागल्या, तो मनुष्य पुढें वकील होवो, वैद्य होवो कीं गृहिणी होवो, सहसा फसवला जात नाहीं. मोबाइलवर रोज येऊन पडणाऱ्या निनांवी संदेशांच्या या काळांत परीक्षेच्या कोणत्याहि विषयाहून हा गुण अधिक मोलाचा आहे. ‘अभ्यास सोडून हा उद्योग कशाला?’ असें विचारणाऱ्या पालकांना आमचें हें उत्तर आहे.

आतां त्या आजीच्या गोष्टीकडे वळलें पाहिजे. कारण येथें कोशाचा नियम आणि आपली न्यायबुद्धि यांत खरीखुरी ओढाताण होते. छापील, विश्वसनीय आधार नसेल तर मजकूर राहूं नये, असा नियम आहे. परंतु ज्यांच्याविषयीं कोणीं छापलेंच नाहीं, त्यांचें काय? आदिवासी पाड्यांतील औषधी पाल्याचें ज्ञान, कोळणींची समुद्राची जाण, जात्यावर दळणाऱ्या बायकांनीं आपल्या आयुष्याविषयीं जें सांगून ठेवलें तें, हें सारें ज्ञान नव्हे काय? छापणाऱ्यांनीं ज्यांची दखल घेतली नाहीं, त्यांना कोशानेंहि पुन्हां वगळावें, हा अन्यायावर अन्याय झाला.

आक्षेप खरा आहे. तथापि नियम मोडणें हा त्यावरील उपाय नव्हे. ऐकीव गोष्टीला एकदां मोकळीक दिली कीं त्या दारानें गरिबांचें ज्ञान येण्याआधीं धनिकांची जाहिरात आणि पुढाऱ्यांची स्तुति आंत शिरेल. उपाय निराळा आहे, आणि तो महाराष्ट्रांत करून दाखविलेला आहे. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह गांवोगांव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. त्यांनीं ‘लोक असें म्हणतात’ एवढ्यावर भागविलें नाहीं. गाणाऱ्या बाईचें नांव व गांव नोंदून ठेविलें. ज्या क्षणीं त्या बाईचें नांव नोंदलें गेलें, त्या क्षणीं ती निनांवी परंपरा न राहतां साक्षीदार झाली. शिक्षकानें त्या मेणवलीच्या विद्यार्थिनीस हेंच सांगावें: आजीची गोष्ट कोशांत आज बसत नाहीं, म्हणून ती कमी दर्जाची ठरत नाहीं. ती आजीच्या नांवानें, तिच्या परवानगीनें नीट लिहून घे. स्थानिक नियतकालिकांत छापावयास दे. अभ्यासकाच्या दृष्टीस ने. तिला आधार नाहीं, तर आधार उत्पन्न करण्याचें काम तुझें आहे. संदर्भ नसणें आणि सत्य नसणें यांतील अंतर मुलांस समजलें नाहीं, तर प्रमाणाचा आग्रह हा अहंकाराचा दुसरा प्रकार होऊन बसेल.

दुसरी ओढाताण अभिमानाची आहे. आपल्या गांवाचा किल्ला, आपला संत, आपल्या जातीचा पुढारी यांविषयीं लिहितांना लेखणी आपोआप आरतीच्या चालीवर जाते. कोशाला आरती चालत नाहीं; कोणाचें म्हणणें काय व तें कशाच्या आधारावर, एवढेंच त्याला हवें असतें. ही वृत्ति परकी आहे असें मात्र कोणीं समजूं नये. प्रतिपक्षाचें म्हणणें त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत आधीं मांडावें आणि मग आपलें मांडावें, ही पूर्वपक्ष व उत्तरपक्षाची शिस्त आपल्या शास्त्रग्रंथांची आहे. ती आपण विसरलों, एवढेंच. ज्या मुलाला आपल्या विरोधकाचें मत विपर्यास न करतां चार ओळींत लिहितां येतें, तो सभ्य नागरिक होण्याच्या बऱ्याच जवळ आला आहे.

शेवटचा आणि व्यवहारांत सर्वांत बिकट प्रश्न सक्तीचा आहे. गुण ठेविले नाहींत तर मुलें आरंभच करीत नाहींत. गुण ठेविले तर गुणांपुरतें करतात. पुण्याच्या प्रयोगांतून हीच अडचण दिसली. जेथें लेखाच्या लांबीवर किंवा बदलांच्या संख्येवर गुण मिळतात, तेथें कोश हा सर्वांचा ठेवा न राहतां परीक्षेचा गाईड होतो. ऋणाची आठवण करून देणें हा गुरूचा अधिकारच आहे, नव्हे, तें त्याचें कर्तव्य आहे. परंतु आठवण देणें निराळें आणि जप्ती आणणें निराळें. आमच्या मतें या दोहोंमधील सीमा धूळपाटीच्या कडेपाशीं आंखावी. धूळपाटीवरील अभ्यासाला, म्हणजे संदर्भ शोधणें, तो पडताळणें, स्वतःच्या शब्दांत मांडणें, सोबत्याचें लेखन तपासणें या सर्वांना, खुशाल गुण द्यावे. परंतु तें लेखन धूळपाटीवरून उचलून कोशाच्या मुख्य पानावर नेण्यास एकहि गुण असूं नये आणि न नेण्यास एकहि गुण कापूं नये. ती पायरी विद्यार्थ्यानें स्वखुषीनें चढावी. दहांतील सात जण चढणार नाहींत, न चढोत. जे तिघे चढतील ते त्यांची जबाबदारी समजून चढतील आणि अनोळखी स्वयंसेवकांना त्यांच्यामागें केर काढीत फिरावें लागणार नाहीं.

यांतून शिक्षकावरहि दोन बंधनें येतात. जें त्यानें स्वतः केलें नाहीं, तें त्यानें शिकवूं नये. ज्याचें स्वतःचें वाक्य कोणीं कधीं खोडलें नाहीं, त्याला विद्यार्थ्याचें वाक्य खोडलें गेल्यावर होणारी तळमळ काय समजणार? आणि जेवढ्यांचें लेखन तो ओळीओळीनें वाचूं शकेल, तेवढेच विद्यार्थी त्यानें घ्यावे. साठांचा वर्ग एकदम या कामाला जुंपणें म्हणजे आपलें तपासणीचें काम परक्यांच्या गळ्यांत घालणें आहे. मुलांस खऱ्या नांवानें लिहावयास लावूं नये, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. विकिपीडियावर टोपणनांव चालतें. आणि जगाच्या चव्हाट्यावर उभें राहणाऱ्या अल्पवयीन मुलाला तेवढा आडोसा असावा. परक्यांची भाषा नेहमीच सौम्य असते असेंहि नाहीं. कठोर शब्द आला तर त्यांतील दोषदर्शन घ्यावें आणि कठोरपणा सोडावा, हें शेजारीं बसून सांगणारें कोणी तरी हवें.

इतका खटाटोप करून कोशाची किंमत तरी काय, असें कोणी विचारील. ‘नेचर’ या शास्त्रीय साप्ताहिकानें २००५ च्या डिसेंबरांत ४२ शास्त्रीय विषयांवरील लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले, तेव्हां विकिपीडियाच्या एकेका लेखांत सरासरी सुमारें ४ आणि ब्रिटानिकाच्या लेखांत सुमारें ३ चुका निघाल्या. ब्रिटानिकाच्या चालकांना तपासणीची ती पद्धति मान्य झाली नाहीं. तो वाद बाजूस ठेविला तरी इतकें खरें कीं, अनोळखी, बिनपगारी माणसांच्या परस्पर तपासणीनें बरेंच विश्वसनीय असें कांहीं तरी निर्माण होऊं शकतें. परंतु तें होतें तपासणाऱ्यांच्या संख्येवर. इंग्रजीच्या पानावर हजार डोळे फिरतात. मराठीच्या कित्येक पानांवर वर्षांतून एखादी जोडी फिरत असेल. इंग्रजींतील चूक दिवसांत निघेल, मराठींतील वर्षें टिकेल. आणि आतां तर तीच पानें वाचून यंत्रें मराठी शिकूं लागलीं आहेत. म्हणजे एका निष्काळजी मुलाचें वाक्य उद्यां यंत्राच्या तोंडून हजार मुलांना ऐकूं येईल.

म्हणूनच मराठी विद्यार्थ्याला या कामांत आणणें हें इतरत्रांपेक्षां अधिक जोखमीचें आहे आणि अधिक अगत्याचेंहि आहे. लहान भाषांना निष्काळजी मदतीनें किती इजा होते, हें स्कॉट्स भाषेनें दाखविलें; आणि दक्ष मदतीवांचून त्या किती उघड्या पडतात, हें कोणत्याहि मराठी विषयाचें रिकामें पान दाखवितें. एखाद्या दूरच्या गांवच्या शाळेंत, जेथें ग्रंथालय म्हणजे कुलूप लावलेलें कपाट आहे, तेथील मूल मोबाइलवर आपल्या भाषेंत एक प्रश्न लिहितें. त्याला जें उत्तर मिळेल तें खरें आहे कीं नाहीं, हें तपासण्याचें साधन त्याच्यापाशीं नाहीं. तें विश्वास ठेवणार आहे. आपल्या मुलांना लिहावयास शिकवितांना त्या मुलाचा चेहरा त्यांच्यापुढें उभा करतां आला, तर नियमांची यादी पाठ करून घेण्याची फारशी गरज पडणार नाहीं.